प्रो डे होईपर्यंत त्याला सांगू नका

अब्बा,

रागात असूनही 'तुम्ही' म्हणतोय, तेवढं लक्षात घ्या. सना म्हणाली, एवढा चिडला असशील तर लिहून काढ, आमचं डोकं खाऊ नकोस. म्हणून शारजातल्या अल मजाजच्या आपल्या बाल्कनीत, तुमच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत बोललेलं तुम्हाला ऐकूच यायचं नाही. आम्ही दोघं शाळेतून येऊन "अब्बा, कॅन वी गो डाउन?" म्हणायचो आणि तुम्ही पेपरचं पान उलटायचात, जणू घरात कोणी तोंड उघडलंच नाही. मग अम्मी आतून ओरडायची, "अरे, मराठीत विचारा, नाहीतर खाली जायच्या आधी मगरिबची अजान होईल." तर आता मराठीत विचारतो. नीट ऐका.

तुम्हाला काय अधिकार होता?

मार्चमध्ये, शारजाच्या हॉस्पिटलात, तुम्ही गेलात. अम्मी उशाशी होती, सना पायाशी. त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर तुमचा जनाजा उचलला. खांदा द्यायला तुमच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानातली माणसं होती, शेजारचे केरळवाले अंकल होते, आपल्या गावची जेवढी म्हणून माणसं अमिरातीत आहेत तेवढी सगळी होती. मी नव्हतो. मी अमेरिकेत, माझ्या कॉलेजच्या जिममध्ये वजनं उचलत होतो, कारण त्या आठवड्याच्या शेवटी माझा प्रो डे होता. कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंना व्यावसायिक संघांची माणसं येऊन तपासतात, तो प्रो डे. धावायला लावतात, उड्या मारायला लावतात, उंची-वजन मोजतात, अगदी हाताचा पंजासुद्धा मोजतात. बैलबाजारच तो. त्या बाजारात बैलाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून तुम्ही अम्मीला आणि सनाला कसम घातलीत: प्रो डे होईपर्यंत त्याला सांगू नका.

ते तुमचं शेवटचं शहाणपण. मला ते अजून गिळता येत नाही.

हा खेळ माझ्या गळ्यात बांधला तो तुम्हीच, हेही लिहून ठेवतो. ऊद मेथाच्या माझ्या शाळेतला एक मित्र मला दुबईच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर घेऊन गेला होता. तुम्ही मला परत न्यायला आलात. मैदानात काय चाललंय ते कुंपणाला टेकून थोडा वेळ बघितलंत आणि गाडीत बसल्यावर म्हणालात, "अरे, ही तर कबड्डी! नुसती डोक्यावर पातेली घालून." तुम्ही गावात कोपऱ्यावर खेळायचात. चढाई करणाऱ्याचा घोटा धरून त्याला आडवा करायचा, एवढंच तुमचं काम. माझंही काम तेच निघालं. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू काखेत धरून पळतात. पहिल्या फळीतली माणसं एकमेकांना धडकतात, आणि त्यांच्या मागे उभा राहून चाल ओळखायची आणि चेंडूवाल्याला पाडायचं, तो लाइनबॅकर. तुम्ही ते नाव कधी घेतलं नाहीत. दुकानात सगळ्यांना सांगायचात, "आमचा पोरगा तिकडे कॉर्नर खेळतो."

मग हॉलमधला सोफा भिंतीला लागला. तुम्ही लुंगी खोचून "कबड्डी कबड्डी" करत अंगावर यायचात आणि मी तुम्हाला धरायचं. अम्मीचं काचेचं टेबल त्यातच फुटलं. शनिवारी शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये शिव्या घालत मला मैदानावर न्यायचात, पार्किंगमध्ये समोसे खायचात, मैदानाच्या कडेला नमाज पढायचात आणि सराव संपला की गाडीत माझी शाळा घ्यायचात. "कमरेत का घुसतोस? घोटा धर. घोटा धरला की माणूस संपला."

"कोच म्हणतो, घोट्याला गेलं की गुडघा डोक्यात बसतो. खांदा लावून कंबर धरायची."

"तुझ्या कोचला सांग, एकदा रत्नागिरीत येऊन खेळ म्हणावं."

हा वाद आपण अकरावीत सुरू केला आणि तो आजपर्यंत मिटलेला नाही. एका छोट्या अमेरिकन कॉलेजने माझे व्हिडिओ बघून मला स्कॉलरशिप दिली, तेव्हाही एअरपोर्टवर गळ्यात पडून तुम्ही कानात काय म्हणालात? "घोटा."

पहिल्या वर्षी मी एकही सामना खेळलो नाही. दुसऱ्या वर्षी फक्त किक मारल्यावर धावत जाऊन माणसं अडवायची, तेवढ्यापुरता आत जायचो. तिसऱ्या वर्षी आमचा मुख्य लाइनबॅकर खांदा दुखावून बाहेर बसला आणि कोचने माझ्याकडे बोट केलं. शेवटच्या वर्षी मी बचावाचा कप्तान होतो, चाली मीच ओरडून सांगायचो. आता हे नीट ऐका, कारण माझा राग इथेच आहे. माझं कामच खोटी चाल ओळखणं. समोरचा चेंडू देण्याचं सोंग करतो, सगळी फळी एका बाजूला झुकते, आणि चेंडू भलतीकडेच असतो. त्यासाठी मी तासन्तास व्हिडिओ बघितले. कोणाचा पाय कसा पडतो, कोणाची मान कुठे वळते, हे बघून मला चाल कळते. यासाठीच संघवाले मला बघायला येणार होते. आणि तुम्ही, हॉस्पिटलच्या खाटेवरून, हातात सलाईन असताना, मला सरळ चकवलंत.

आधी म्हणालात, फोनचा कॅमेरा बिघडलाय. म्हणून व्हिडिओ कॉल बंद. मग अम्मी म्हणायला लागली, आत्ताच झोपले, दुकानात काम फार आहे. मग फक्त व्हॉइस नोट. तुमची पहाटेची फज्रची नमाज झाली की यायची, तेव्हा माझी जेवायची वेळ असायची. "हॅलो, अब्बा बोलतोय." दुसरं कोण बोलणार होतं? "जेवलास का? आम्ही सगळे खुशाल. हवा बरी आहे. मन लावून खेळ. यल्ला, खलास." फोन ठेवायची तुमची ती अरबी. त्यातल्या एका नोटमध्ये मागे टुक टुक असा आवाज होता. मी विचारलं, हे काय वाजतंय. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही, पुन्हा तेच, जेवलास का. मला वाटलं, म्हातारा रुसलाय. त्याआधीच्या कॉलवर आपलं घोट्यावरून जरा जास्तच वाजलं होतं ना.

शेवटच्या त्या नोट्स मी ऐकल्या तेव्हा तुम्ही कबरीत होतात.

तुम्ही त्या आधीच बोलून ठेवल्या होत्यात. सनाने सांगितलं. धाप लागायची, मध्ये थांबायचात, पाणी प्यायचात, पुन्हा सुरुवात करायचात. आवाज नीट आला नाही तर पुसून टाक म्हणायचात. सना रडायला लागली की तिला बाहेर पाठवायचात, कारण तिचा हुंदका रेकॉर्ड होईल. मग तुमच्याच फोनवरून रोज सकाळी एक पाठवायची, असं तिला काम लावून दिलंत. वयाने मोठी, एका चांगल्या फर्ममध्ये अकाउंटंट असलेली मुलगी रोज पहाटे उठून मेलेल्या बापाचा आवाज भावाला पाठवत होती. मी खाली अंगठा द्यायचो. "जेवलो, अब्बा." तो अंगठा ती बघायची. तिच्यावर काय गुजरली याचा हिशेब तुम्ही केला होतात? मी तिला विचारलं, तू ऐकलंस कसं त्यांचं? ती म्हणाली, "अदनान, ही वॉज डाइंग. व्हॉट वॉज आय सपोज्ड टू से?"

आपल्या लोकांची ही रीत मला ठाऊक आहे. परदेशात असलेल्याला फक्त खुशाली कळवायची. बिल्डिंगमधल्या एका मुलाचे आजोबा त्याच्या बोर्डाच्या परीक्षेत गेले होते. शेवटचा पेपर देऊन तो उड्या मारत बाहेर आला तर बाप गाडी घेऊन उभा, आणि बापाच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. सगळे म्हणाले, बरं केलं, वर्ष वाचलं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही त्या दिवशी घरी येऊन जेवला नाहीत. कारण तुम्हालाच कोणीतरी असं वाचवलं होतं.

ती गोष्ट आम्ही दर ईदला ऐकली आहे. तुम्ही पहिल्यांदा इकडे आलात, मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात एका खोलीत किती माणसांबरोबर राहत होतात, आणि तिकडे दादी वारली. हमीदा फुफीने, तुमच्या थोरल्या बहिणीने, ठरवलं की भावाला कळवायचं नाही. कळलं तर धावत येईल, व्हिसा जाईल, नोकरी जाईल. पत्रं येत राहिली. अम्मा खुशाल आहे, सलाम सांगते. तुम्ही पहिल्या सुट्टीला गेलात ते दादीसाठी ब्लँकेट घेऊन. ते जाड, मऊ, गुलाबाच्या फुलांचं, चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीतलं. रिक्षातून उतरून ओट्यावरूनच ओरडलात, "अम्मा, थंडी पळाली बघ तुझी!" आणि घरातली सगळी माणसं फुफीकडे बघायला लागली.

ते ब्लँकेट तुम्ही परत इकडे घेऊन आलात. आमच्या कपाटावर ते परवापर्यंत तसंच होतं, पिशवीची चेन एकदाही न उघडलेलं. लहानपणी मी ते मागितलं तर तुम्ही माझ्यावर असे ओरडला होतात की मी पुन्हा तिकडे बघितलं नाही. फुफीशी तुम्ही कित्येक वर्षं बोलला नाहीत. नंतर बोलायला लागलात तेही ईदपुरतं, सलाम, खुशाल, ठेवतो. अम्मीने किती वेळा समजावलं. तुम्ही म्हणायचात, "तिने माझ्या हातातून मिट्टी काढून घेतली." आईच्या कबरीवर तीन मुठी माती टाकायची राहिली, हे तुम्ही आयुष्यभर विसरला नाहीत.

आणि तुम्ही माझ्या हातातून ती काढून घेतलीत. दुसऱ्या कोणी नाही. ज्याला माहीत होतं, त्याने.

प्रो डे चांगला गेला, तुम्हाला ऐकायची घाई असेल म्हणून सांगतो. चाळीस यार्ड मी माझ्या आजवरच्या सगळ्यात कमी वेळात धावलो. संघासाठी खेळाडू हेरणारा एक टक्कल पडलेला स्काउट दोनदा माझ्याजवळ येऊन माझं नाव नीट कसं म्हणायचं ते विचारून गेला. मी खूश होतो. जिमच्या दारातून तुम्हाला नोट पाठवली, "अब्बा, झालं! मस्त झालं!" मागून कोचने हाक मारली. त्याच्या ऑफिसात गेलो तर तो उभाच होता. तुम्ही त्यालाही गाठलं होतंत. सनाकडून ईमेल लिहवून घेऊन त्या बिचाऱ्या माणसाला वचनात बांधलंत. मला म्हणाला, इतकी वर्षं मी मुलांना शिकवतोय, असं काम मी कधी केलं नाही, तुझ्या वडिलांना नाही म्हणता आलं नाही. तो रडत होता. मला कळेना हा माणूस का रडतोय. मी त्यालाच धीर दिला, अब्बा. मी त्याला म्हणालो, इट्स ओके, कोच. तोपर्यंत त्याने मला काहीच सांगितलेलं नव्हतं.

मग मी आलो. तेही कसा, तर व्हिजिट व्हिसावर. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलो म्हणून माझा रेसिडेन्स व्हिसा कधीच गेला होता. मी जिथे चालायला शिकलो त्या गावात मी पाहुणा आहे. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कशासाठी आलात? मी म्हणालो, फादरला भेटायला. त्याने हसून शिक्का मारला.

केरळवाल्या अंकलनी मला कबरस्तानात नेलं. तिथे नावबिव काही नाही, वाळूत छोटे छोटे दगड. अंकलनी जागा दाखवली. वाळू सपाट झाली होती, वाऱ्याने. मी खाली बसून मूठ भरली. अंकल हळूच म्हणाले, "बेटा, मिट्टी तो उसी दिन देते हैं. अब दुआ पढ़ो." मला माहीत होतं. तरीही मी तीन मुठी टाकल्या. ते तोंड फिरवून उभे राहिले. मग मी जे बोललो ते कबरस्तानात बोलायचं नसतं, तुम्ही ऐकलंच असेल.

तुमचा चाळिसावा झाला. अम्मी इद्दतीत आहे, घराबाहेर जात नाही. तिचा व्हिसा तुमच्यावर होता, तो आता सनावर करायचा म्हणून सना टायपिंग सेंटर ते इमिग्रेशन अशा चकरा मारते आहे. आणि परवा त्या टक्कलवाल्या स्काउटच्या संघाचा फोन आला. करार नाही. नव्या मुलांचा कॅम्प आहे, त्यात ट्रायआउटवर ये, बघू. माझ्यासारख्या छोट्या कॉलेजवाल्याला एवढं दार किलकिलं झालं तरी खूप. ओलांडता येईल की नाही माहीत नाही. मी फोन ठेवायच्या आत अम्मीने बॅग काढली. "जायचंच. त्यांनी कशासाठी केलं एवढं?"

हाच शब्द मला नको होता. कशासाठी केलं? मी सांगितलं होतं का करायला? मी अम्मीला म्हणालो, मी जात नाही. ज्या खेळासाठी माझा बाप माझ्यापासून लपवला तो खेळ मला नको. अम्मीने बॅग तशीच उघडी ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात फुफीचा फोन आला. अम्मीने स्क्रीनवर नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात देत कुजबुजली, "अब्बा ओमानला गेलेत म्हण. नेटवर्क नाही म्हण. तिचं हृदय नाजूक आहे, तिला अजून सांगितलेलं नाही."

तुम्ही ओमानला आहात, हे मला तेव्हा कळलं. मी फोन घेऊन बाल्कनीत आलो.

"कोण? अदू? आवाज केवढा जाड झाला रे तुझा."

"फुफी, एक सांगायचं आहे."

"आधी तुझा तो खेळ झाला का सांग. तो काय तो, प्रो डे."

"झाला."

"मग बोल."

"अब्बा गेले, फुफी. मार्चमध्येच." असंच म्हणालो. कापूस लावून नाही, प्रस्तावना करून नाही. तिकडे कावळा ओरडत होता, तो ऐकू आला. मग फुफी म्हणाली, "ठाऊक आहे, बाळा. त्याच दिवशी मगरिबच्या आत गावात कळलं. मशिदीत दुआ झाली. जनाज्याला आपल्याच वाडीतली चार पोरं होती ना तिकडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी अम्मी म्हणते ओमानला गेलाय. म्हटलं, गेला असेल. तिला वाटतं, हमीदाला कळलं तर हमीदा मरेल. तिच्या जिवाला तेवढाच आधार. आणि तुला त्यांनी सांगितलं की नाही, ते मला कुठे माहीत? माझ्या तोंडून निघायचं आणि तुझ्यापर्यंत पोचायचं. कोणाला काय कळवायचं ते एकदा मी ठरवलं, त्याचं काय झालं ते माहीत आहे ना."

म्हणजे अब्बा, तुमचं मरण आपण सगळेच एकमेकांपासून लपवत होतो, आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"तुझ्या अब्बाने मला फोन केला होता," फुफी म्हणाली. "हॉस्पिटलातून. ईद नाही काही नाही. मी घाबरले. म्हणाला, आपा, एक विचारायचं आहे. अम्माच्या वेळी तू मला खुशाली लिहायचीस, तेव्हा तुला झोप लागायची का?"

"तू काय सांगितलंस?"

"खरं ते. म्हटलं, नाही रे. अजून लागत नाही."

"मग?"

"मग रडला. लहानपणी रडायचा तसा, नाक ओढत. म्हणाला, मलाही लागत नाही, आपा. पण पोराने या दिवसासाठी हाडं मोडून घेतली आहेत. तो फार रागावेल माझ्यावर. मी म्हटलं, रागावू दे. तू नाही रागावलास माझ्यावर? मेले का मी?"

आणि ती हसली, अब्बा. रडता रडता हसली. तुमच्यासारखीच हसते, शेवटी खोकते.

हे ऐकून माझा राग गेला, असं लिहिलं तर तुम्हाला फार बरं वाटेल. नाही गेला. वाढला. फुफीला माहीत नव्हतं ती तुमच्यावर काय लादतेय. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते आयुष्यभर सोसलं होतंत, तुम्ही कपाटावरचं ते ब्लँकेट रोज बघत होतात, तुम्हाला झोप लागत नव्हती, आणि तरी सनाला म्हणालात, रेकॉर्डिंग चालू कर. तुम्ही मला एक फोन केला असतात तर मी पुढच्या विमानाने आलो असतो. प्रो डे गेला असता. जाऊ दे की! मी तुमच्या खाटेजवळ बसून तुमच्याशी घोट्यावरून भांडलो असतो. प्रो डेपेक्षा ते माझ्यासाठी जास्त होतं की कमी, हे मला ठरवू द्यायचं होतंत. तुम्ही मला लाइनबॅकर केलंत आणि समोरची खरी चाल बघूच दिली नाहीत.

पण तुम्ही रडलात, हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही ते सगळं अगदी मजेत, हुशारीने केलंत. ते वेगळं निघालं, एवढं मान्य करतो.

मागे वळलो तर अम्मी दारात उभी होती. माझं सगळं बोलणं तिने ऐकलेलं होतं. "तिला ठाऊक होतं?" म्हणाली आणि खालीच बसली. मग माझ्या हातातून फोन घेऊन "आपा" म्हणाली, आणि दोघी मोठ्याने रडल्या. इतक्या दिवसांत घरात कोणी मोठ्याने रडलं नव्हतं. हळू रड, फोन चालू आहे, हेच चाललं होतं.

फोन ठेवल्यावर मी अम्मीला आणि सनाला समोर बसवलं. म्हणालो, मी कॅम्पला जाईन, पण एका अटीवर. यापुढे या घरात काहीही झालं तर त्याच तासाला मला कळलं पाहिजे. मी मैदानात असलो तरी. पुढच्या मिनिटाला सामना असला तरी. काय करायचं ते मी ठरवीन. अम्मीने माझ्या डोक्यावर हात ठेवून कसम खाल्ली. मग पदराचं टोक चाळवत म्हणाली, "मग एक आत्ताच सांगून टाकते. माझ्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा म्हणालेत. तुझा कॅम्प झाला की सांगणार होते."

मी इतक्या जोरात ओरडलो की केरळवाल्या अंकलनी बेल वाजवली. आणि सना हसायला लागली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. ती हसत राहिली आणि अम्मी तिला मारत राहिली, "हसायला काय झालं गं, माझा डोळा जातोय."

अम्मीचं ऑपरेशन आता मी कॅम्पवरून आल्यावर आहे. तारीख मी स्वतः घेतली. ब्लँकेट मी कपाटावरून काढलं आणि चेन उघडली. चेन गंजली होती, पक्कड लावावी लागली. गावची मंडळी सुट्टीला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर ते फुफीकडे जाईल. तिला तिकडे थंडी वाजते, म्हणाली.

आज सकाळी सना चहा घेऊन बाल्कनीत आली. म्हणाली, "अदू, एक नोट उरलीय. त्यांनी जास्त रेकॉर्ड केल्या होत्या. त्यांना वाटलं होतं ते आधीच जातील. डिलीट करू की पाठवू?" मी म्हणालो, पाठव. ती आत गेली, तुमच्या फोनवरून पाठवली आणि परत बाहेर आलीच नाही.

मी बराच वेळ ती तशीच ठेवली. खाली तलावाकाठी लोक चालत होते, पोरं सायकली फिरवत होती. मग लावली. काही वेगळं नव्हतं त्यात. काही शिकवण नाही, निरोप नाही. थोडी धाप होती आणि मध्ये भांडं ठेवल्याचा आवाज.

"हॅलो, अब्बा बोलतोय. जेवलास का? आम्ही सगळे खुशाल. यल्ला, खलास."

मी अंगठा दिला नाही. बटण दाबून धरलं आणि बोललो. "नाही जेवलो, अब्बा. खुशाल नाही. कोणीच नाही. उद्या माझं विमान आहे आणि मला तुमचा भयंकर राग आलाय. आणि कंबरच धरायची. घोटा नाही."

सोडलं. आतल्या खोलीत, अम्मीने चार्जिंगला लावून ठेवलेला तुमचा फोन वाजला.